पक्षीनिरीक्षणासाठी पहिली दुर्बीण कशी निवडावी

माझी पहिली दुर्बीण मी एका थंड हवेच्या ठिकाणी, सूर्यास्त पाहायला जमलेल्या गर्दीत फिरणाऱ्या विक्रेत्याकडून घेतली होती. तिच्यावर २०×५० असे ठळक आकडे होते, पुढची भिंगे माणकासारखी लाल चमकत होती आणि समोरच्या डोंगरावरचे देऊळ तिच्यातून खरोखरच जवळ आल्यासारखे वाटले होते. पुढच्या रविवारी पुण्यात पाषाण तलावाच्या काठी तीच दुर्बीण डोळ्यांना लावून मी बाभळीत बसलेला वटवट्या शोधू लागले, तेव्हा आधी नुसती पाने दिसली, मग हाताच्या थरथरीने ती पानेही नाचू लागली आणि पक्षी सापडण्यापूर्वीच उडून गेला. देऊळ जागचे हलत नाही आणि पक्षी क्षणभरही स्वस्थ बसत नाही, हा फरक त्या विक्रेत्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मला मात्र तो ठाऊक असायला हवा होता.

ज्यांनी अजून दुर्बीण घेतलेली नाही, किंवा घेतली पण ती कपाटातच पडून राहिली, आणि ज्यांना पहिल्या खरेदीवर १० ते १५ हजार रुपयांच्या वर जायचे नाही, अशा वाचकांसाठी हा लेख आहे. एवढ्या रकमेत अनेक वर्षे साथ देणारी दुर्बीण मिळू शकते. मात्र पक्षी उडून जाण्याआधी तो आपल्याला तिच्यातून सापडतो का आणि सापडल्यावर त्याचे चित्र स्थिर व उजळ दिसते का, या दोन प्रश्नांवर प्रत्येक दुर्बीण तोलून पाहावी लागते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन प्रश्नांतूनच निघतात.

पहिली पायरी: आपण कुठे फिरणार, हे ठरवणे

कर्नाळ्याच्या किंवा आंबोलीच्या झाडीत, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात किंवा गोव्यातल्या बोंडल्याच्या जंगलात पक्षी बहुधा १० ते ३० मीटरांवर असतो, पण तो सावलीत, पानांआड आणि सतत हालचाल करणारा असतो. तिथे विस्तृत दृष्टिक्षेत्र, म्हणजे दुर्बिणीतून एका वेळी दिसणारा परिसर, आणि भरपूर प्रकाश यांची गरज लागते. भिगवणला, नांदूर मध्यमेश्वरला किंवा शिवडीच्या चिखलपट्टीवर परिस्थिती नेमकी उलटी असते, कारण तिथे उजेड मुबलक असतो आणि रोहित, चक्रवाक, तुतारी असे पक्षी शंभर-दोनशे मीटरांवर उघड्यावर दिसतात. अशा ठिकाणी थोडे जास्त वर्धन असलेली, म्हणजे वस्तू अधिक पटींनी मोठी दाखवणारी, दुर्बीण घेण्याचा मोह साहजिक आहे. परंतु भिगवणजवळच्या कुंभारगावातून होडीने पाण्यात जाणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की डुलत्या होडीत जास्त वर्धनाची दुर्बीण काठावरच्यापेक्षाही अधिक त्रास देते, आणि खरोखर दूरच्या थव्यांतले पक्षी ओळखायचे असतील तर तिपाईवर बसवलेला स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका नळीची जास्त वर्धनाची दुर्बीणच, लागतो; ते काम कोणतीही हातातली दुर्बीण करत नाही.

नवख्या निरीक्षकाचे पहिले वर्ष बहुतेक घराच्या आसपास, टेकडीवर, एखाद्या तलावाच्या काठी किंवा सोसायटीच्या आवारात जाते. बुलबुल, दयाळ, शिंपी, तांबट, वेडा राघू, खंड्या आणि नाचण हे त्या वर्षाचे सोबती असतात. त्यांच्यासाठी ८ पट वर्धन पुरते आणि पुढे जंगलात गेल्यावरही तेच उपयोगी पडते, म्हणून कोणतीही खास अडचण नसेल तर पहिली दुर्बीण ८×४२ किंवा ८×४० याच मापाची घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामागचे गणित पुढे दिले आहे.

दुसरी पायरी: दुर्बिणीवरचे आकडे वाचायला शिकणे

८×४२ यातला ८ हा आकडा वर्धन सांगतो आणि ४२ हा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. ४० मीटरांवर बसलेला पक्षी ८ पट वर्धनातून पाहिला की तो ५ मीटरांवरून नुसत्या डोळ्यांनी पाहिल्याइतका मोठा दिसतो, आणि १० पट वर्धनातून तो ४ मीटरांवर असल्यासारखा दिसतो. या एका मीटराच्या लाभासाठी आपण तीन गोष्टी गमावतो: हाताची थरथर आठऐवजी दहा पटींनी वाढून चित्रात उतरते, दिसणारा परिसर सहसा आक्रसतो आणि त्याच व्यासाच्या भिंगातून डोळ्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश कमी होतो. ज्यांचे हात स्थिर आहेत आणि ज्यांचे फिरणे मुख्यतः पाणथळ जागी आहे त्यांना १०×४२ मानवते, हे मी नाकारत नाही. पण १२, १६ किंवा २० पट वर्धनाची दुर्बीण पक्ष्यांसाठी हातात धरून वापरणे व्यवहारात जमत नाही.

दुसऱ्या आकड्याला पहिल्या आकड्याने भागले की दुर्बिणीच्या मागच्या बाजूने बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. ८×४२ साठी तो ५.२५ मिलिमीटर, १०×४२ साठी ४.२ मिलिमीटर आणि माझ्या त्या २०×५० साठी अवघा २.५ मिलिमीटर होता. भर दुपारी आपल्या डोळ्याची बाहुली २ ते ३ मिलिमीटरपर्यंत लहान होते, त्यामुळे उन्हात उभ्या असलेल्या ग्राहकाला लहान वर्तुळातला तोटा जाणवत नाही. पहाटे साडेसहाला किंवा दाट झाडीत बाहुली मोठी होते आणि तेव्हा २.५ मिलिमीटरचे वर्तुळ तिला अपुरे पडून चित्र काळवंडते. पक्षी सर्वांत जास्त वावरतात ते याच वेळी, आणि दुकाने उघडतात ती मात्र उन्हे वर आल्यावर. मोठ्या वर्तुळाचा आणखी एक फायदा असा की डोळा अगदी नेमक्या जागी नसला तरी चित्र नाहीसे होत नाही. नवख्या माणसाला सुरुवातीचे काही महिने याचा फार उपयोग होतो.

दृष्टिक्षेत्राचा आकडा बऱ्याचदा दुर्बिणीवर लहान अक्षरांत कोरलेला असतो आणि तो एकतर अंशांत किंवा ‘१००० मीटरांवर इतके मीटर’ अशा स्वरूपात दिलेला असतो. ८ अंशांचे दृष्टिक्षेत्र म्हणजे १००० मीटरांवर १४० मीटर. हेच माप २० मीटरांवरच्या आंब्याच्या फांद्यांना लावले तर एका वेळी सुमारे २.८ मीटर रुंदीचा भाग दिसतो. ३ अंशांच्या दुर्बिणीतून त्याच अंतरावर जेमतेम १ मीटर रुंदी दिसते, आणि क्षेत्रफळाचा हिशेब केला तर हा फरक सातपटींच्या घरात जातो. पानांच्या त्या एवढ्याशा तुकड्यात सूर्यपक्षी शोधत बसण्यापेक्षा नुसत्या डोळ्यांनी पाहणे बरे. ८ पट वर्धनाच्या दुर्बिणीत ६.५ अंशांपेक्षा, म्हणजे साधारण ११४ मीटरांपेक्षा, कमी दृष्टिक्षेत्र स्वीकारू नये.

झूम दुर्बीण, म्हणजे ७–२१×४० अशा जोडआकड्यांची, पूर्णपणे टाळावी. तिच्यात भिंगे वाढतात, दृष्टिक्षेत्र अरुंद होते आणि दोन्ही नळ्यांचे वर्धन नेमके सारखे राखणे स्वस्त यंत्रणेला कठीण जाते. फोकस करण्याचे चाकच नसलेली दुर्बीणही पक्ष्यांसाठी निरुपयोगी आहे, कारण जवळचा पक्षी तिच्यात कधीच स्पष्ट होत नाही. साध्या भिंगांच्या दुर्बिणीला ‘नाइट व्हिजन’ म्हणणारी किंवा हजार-दोन हजार रुपयांत १०० पट वर्धनाचे आश्वासन देणारी जाहिरात दिसली, तर ती वस्तू तेवढ्यावरूनच बाद करावी.

तिसरी पायरी: पोरो की रूफ

भिंगांतून उलटे पडलेले चित्र सुलटे करण्यासाठी दुर्बिणीच्या पोटात काचेचे लोलक बसवलेले असतात आणि त्यांच्या मांडणीवरून दुर्बिणीचे दोन प्रकार पडतात. इग्नाझिओ पोरो या इटालियन तंत्रज्ञाने १८५४ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत प्रकाश नागमोडी वाटेने जातो, म्हणून पोरो दुर्बिणीचे खांदे रुंद असतात आणि पुढची भिंगे डोळ्यांपेक्षा एकमेकांपासून दूर असतात. रूफ प्रकारात नळ्या सरळ दिसतात, दुर्बीण सडपातळ असते आणि हातात सुबक बसते. दुकानात दोन्ही शेजारी ठेवल्या तर नवखा ग्राहक दहातले नऊ वेळा सरळ नळ्यांचीच उचलतो, आणि कमी किमतीत नेमकी इथेच फसगत होऊ शकते.

याचे कारण कारागिरीत आहे. रूफ लोलकाची छपरासारखी कड अत्यंत काटेकोरपणे घासावी लागते. बहुतेक रूफ रचनांमध्ये एका पृष्ठावरून प्रकाश आपोआप पूर्ण परावर्तित होत नाही म्हणून तिथे आरशासारखा थर द्यावा लागतो. आणि छपराच्या दोन बाजूंवरून आलेल्या प्रकाशलहरींमधला मेळ बिघडून तपशील पुसट होऊ नयेत यासाठी फेज कोटिंग नावाचा आणखी एक थर लागतो. पोरो रचनेला यांतले काहीच लागत नाही. साहजिकच ठरावीक रकमेत पोरो बनवणाऱ्याकडे चांगल्या भिंगांसाठी पैसे उरतात, तर स्वस्त रूफ बनवणाऱ्याला कुठेतरी हात आखडता घ्यावा लागतो आणि तो सहसा न दिसणाऱ्या थरांतच घेतला जातो. गेल्या काही वर्षांत फेज कोटिंग असलेल्या रूफ दुर्बिणीही पुष्कळ खाली आल्या आहेत, त्यामुळे हा फरक पूर्वीइतका मोठा राहिलेला नाही. तरीही १० हजारांच्या आत चित्राचाच विचार केला तर मी आजही पोरोकडे झुकते.

मात्र चित्राखेरीज हवामानाचाही विचार करावा लागतो. सामान्य पोरो दुर्बिणीत फोकस करताना नेत्रिकांचा, म्हणजे डोळ्यांकडच्या भिंगांचा, पूल पुढेमागे सरकतो आणि त्या हालचालीबरोबर दमट हवा, धूळ व पाणी आत शिरायला वाट मिळते. रूफ दुर्बिणीत फोकसची यंत्रणा आतच असल्याने ती रबरी कड्यांनी बंद करून तिच्यात नायट्रोजन भरता येतो आणि मग आतल्या बाजूने वाफ धरत नाही. पुणे, सोलापूर, नागपूर या भागांत राहणाऱ्याने आणि पावसात न फिरणाऱ्याने पोरो घ्यायला हरकत नाही. परंतु कोकणात, मुंबईत, गोव्यात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्याने, तसेच पावसाळ्यातही फिरण्याची इच्छा असणाऱ्याने, दोन-चार हजार रुपये जास्त देऊन जलरोधक रूफ घेणे शहाणपणाचे ठरते. वर्णनात ‘वॉटरप्रूफ’ आणि ‘नायट्रोजन भरलेली’ हे दोन्ही उल्लेख असावेत. ‘वॉटर रेझिस्टंट’ याचा अर्थ चार थेंब सहन होतील, एवढाच.

आणखी दोन शब्द समजून घ्यावेत. लोलकाच्या काचेचे बीएके-४ आणि बीके-७ असे दोन प्रकार दुर्बिणीवर लिहिलेले आढळतात आणि त्यांतला बीएके-४ अधिक चांगला मानला जातो. दुसरा शब्द कोटिंगचा आहे. थर न दिलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो आणि अशी दहा पृष्ठे ओलांडताना जवळजवळ एक तृतीयांश प्रकाश वाया जातो, म्हणून भिंगांवर परावर्तन रोखणारे थर देतात. ‘कोटेड’ म्हणजे काही पृष्ठांवर एक थर, ‘फुली कोटेड’ म्हणजे हवेला लागणाऱ्या सर्व पृष्ठांवर एक थर, ‘मल्टी-कोटेड’ म्हणजे काही पृष्ठांवर अनेक थर आणि ‘फुली मल्टी-कोटेड’ म्हणजे सर्व पृष्ठांवर अनेक थर. आपल्याला शेवटची हवी. ती परवडत नसेल तर निदान मल्टी-कोटेड घ्यावी. लाल चमकणारी भिंगे मात्र घेऊ नयेत, कारण ती तांबडा प्रकाश परत फिरवतात आणि आतले चित्र हिरवट-निळसर होते. लालबुड्या बुलबुलाचा लालपणाच ज्यात फिका पडतो ती दुर्बीण काय कामाची?

चौथी पायरी: चष्मा, हात आणि मान

चष्मा वापरणाऱ्यांनी ‘आय रिलीफ’ या आकड्याकडे सर्वांत आधी पाहावे. नेत्रिकेपासून किती मिलिमीटर मागे डोळा ठेवला तरी पूर्ण वर्तुळ दिसते, ते हा आकडा सांगतो आणि चष्म्यासाठी तो किमान १५ ते १६ असावा लागतो. तो कमी असेल तर चष्म्यातून फक्त मधला तुकडा दिसतो आणि ज्या विस्तृत दृष्टिक्षेत्रासाठी पैसे मोजले ते हातातून जाते. चष्मा लावून पाहताना नेत्रिकेभोवतीचे रबरी कप खाली दुमडावेत किंवा फिरवून आत घ्यावेत, आणि चष्मा नसेल तेव्हा ते बाहेर काढावेत. नुसता जवळचा किंवा दूरचा साधा नंबर असेल तर चष्मा काढून दुर्बिणीचा फोकस जुळवता येतो. सिलिंडरचा नंबर ठळक असेल तर मात्र चष्मा ठेवावाच लागतो, कारण तो दोष दुर्बिणीचे चाक भरून काढू शकत नाही.

४२ मिलिमीटरच्या दुर्बिणीचे वजन साधारण ५५० ते ८०० ग्रॅम असते. दुकानात ते काहीच वाटत नाही, पण तीन तासांच्या फेरीत गळ्यातल्या अरुंद पट्ट्यामुळे मान अवघडते. मानेचे दुखणे असलेल्यांनी पाठीवरून जाणारा छातीपट्टा घ्यावा किंवा ८×३२ ही हलकी दुर्बीण पाहावी; तिचे प्रकाशवर्तुळ ४ मिलिमीटरचे असते आणि अगदी पहाटेची वेळ सोडल्यास ते पुरते. लहान मुलांसाठी मोठी दुर्बीण घेताना तिच्या दोन नळ्या पुरेशा जवळ येतात का, हे मुलाला सोबत नेऊनच पाहावे. बऱ्याच दुर्बिणींच्या नेत्रिका एकमेकींपासून ५६ मिलिमीटरपेक्षा जवळ येत नाहीत आणि त्यापेक्षा जवळ डोळे असलेल्या मुलाला एका वेळी एकाच डोळ्याने दिसत राहते.

पाचवी पायरी: दुकानातली तपासणी

दुर्बीण शक्यतो हातात घेऊन पाहिल्याशिवाय विकत घेऊ नये. ऑनलाइन मागवणे भाग असेल, तर परत करण्याची मुदत असलेल्या विक्रेत्याकडून मागवावी आणि पुढच्या सर्व तपासण्या त्या मुदतीत घरी कराव्यात. याही आधी करण्यासारखी एक गोष्ट आहे. महाराष्ट्रात दरवर्षी ५ नोव्हेंबरला मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनापासून १२ नोव्हेंबरला सालिम अली यांच्या जन्मदिनापर्यंत पक्षी सप्ताह साजरा होतो आणि त्या काळात ठिकठिकाणी पक्षीनिरीक्षणाच्या फेऱ्या निघतात. अशा एखाद्या फेरीला रिकाम्या हाताने जावे आणि इतरांच्या दुर्बिणी दोन-दोन मिनिटे मागून पाहाव्यात. पक्षीनिरीक्षक आपली दुर्बीण दाखवायला सहसा उत्सुकच असतात आणि तिचे दोषही मोकळेपणाने सांगतात, जे विक्रेता सांगणार नाही.

दुकानात गेल्यावर प्रथम दुर्बीण डोळ्यांपासून वीतभर किंवा थोडी अधिक लांब धरावी आणि तिचा रोख आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे करावा. नेत्रिकांत प्रकाशाची दोन लहान वर्तुळे दिसतात. ती पूर्ण गोल आणि कडेपर्यंत सारखी उजळ असावीत. वर्तुळ चौकटीसारखे कापलेले दिसले किंवा त्याच्या कडांना राखाडी सावल्या दिसल्या, तर लोलक हलक्या काचेचे आहेत किंवा लहान आहेत, मग खोक्यावर काहीही छापलेले असो. त्यानंतर पुढच्या भिंगात ट्यूबलाइटची प्रतिबिंबे पाहावीत. ती हिरवट, जांभळट आणि मंद असतील तर कोटिंग आहे; एखादे प्रतिबिंब स्वच्छ पांढरे आणि झगझगीत असेल तर त्या पृष्ठावर कोटिंग नाही.

सर्वांत महत्त्वाची तपासणी दोन नळ्यांच्या जुळणीची आहे आणि तीच बहुतेक जण करत नाहीत. रस्त्यापलीकडच्या इमारतीच्या गच्चीचा कठडा किंवा विजेची आडवी तार यांवर फोकस करावा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून काही सेंटिमीटर मागे आणावी. डाव्या आणि उजव्या वर्तुळातली रेषा एकाच उंचीवर राहायला हवी. ती एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली सरकलेली दिसली, तर नळ्या एकमेकींशी समांतर नाहीत. आपला मेंदू हा दोष काही वेळ सांभाळून घेतो, त्यामुळे दुकानातल्या अर्ध्या मिनिटात सारे ठीक वाटते आणि तासाभराच्या फेरीनंतर कपाळ दुखू लागते. स्वस्त दुर्बिणींमध्ये एकाच मॉडेलच्या दोन नगांतही या बाबतीत फरक असू शकतो, म्हणून दोन-तीन नग काढायला सांगून त्यांतला चांगला निवडण्यात संकोच करू नये.

मग फोकसचे चाक पूर्ण फिरवून पाहावे. ते सर्वत्र सारख्या ताणाने फिरले पाहिजे, मध्येच सैल किंवा घट्ट लागता कामा नये. पोरो दुर्बिणीत नेत्रिकांचा पूल बोटाने दाबला असता डुगडुगला तर फोकस टिकत नाही. शेवटी दुकानाच्या बाहेर येऊन पांढऱ्या आकाशाच्या पार्श्वभूमीवरच्या तारेवर बसलेला कावळा किंवा कोतवाल पाहावा. काळ्या कडेला जांभळी-हिरवी झालर थोडी दिसणे या किमतीत स्वाभाविक आहे, पण ती चित्राच्या मध्यभागीही ठसठशीत दिसत असेल तर दुसरी दुर्बीण पाहावी. कडेचे चित्र किंचित पुसट असले तर मी ते चालवून घेते, कारण पक्षी आपण मध्यभागी आणूनच पाहतो.

किमती आणि काही नावे

२–३ हजार रुपयांच्या दुर्बिणींमध्ये चांगला नग मिळणे नशिबावर असते. एवढेच पैसे हाताशी असतील तर त्या रकमेत ओळखीच्या पक्षीनिरीक्षकाची जुनी दुर्बीण मिळते का, ते आधी पाहावे. जुनी घेताना पुढच्या भिंगातून टॉर्चचा प्रकाश सोडून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू, म्हणजे बुरशी, नाही ना याची खात्री करावी.

साधारण १० हजारांच्या आसपास पोरो प्रकारात निकॉन अ‍ॅक्युलॉन ए२११ ८×४२ आणि ऑलिंपस ८×४० एस या दोन दुर्बिणी नवख्यांच्या गळ्यात वारंवार दिसतात. अ‍ॅक्युलॉनचे दृष्टिक्षेत्र ८ अंशांचे आहे, ही तिची मोठी जमेची बाजू. तिचे वजन ७५५ ग्रॅम आहे, ती जलरोधक नाही, ५ मीटरांच्या आतली वस्तू तिच्यात स्पष्ट होत नाही आणि आय रिलीफ १२ मिलिमीटर असल्याने चष्मेवाल्यांना ती जाचते. त्याहून थोड्या वरच्या किमतीत निकॉन प्रोस्टाफ पी३ ८×४२ आणि सेलेस्ट्रॉन नेचर डीएक्स ८×४२ या जलरोधक रूफ दुर्बिणी येतात. प्रोस्टाफचे दृष्टिक्षेत्र ७.२ अंशांचे असून आय रिलीफ २० मिलिमीटरच्या आसपास आहे, म्हणून चष्मा असलेल्या आणि पावसाच्या प्रदेशात राहणाऱ्या नवख्याला मी तीच आधी पाहायला सांगते. नेचर डीएक्स सुमारे २ मीटरांपर्यंत फोकस होते, त्यामुळे पक्ष्यांबरोबर फुलपाखरे आणि चतुरही पाहणाऱ्यांना ती आवडते. किमती महिन्यागणिक वरखाली होत असतात, तेव्हा दोन-तीन ठिकाणी चौकशी करावी, पक्के बिल घ्यावे आणि वॉरंटी भारतात चालते का हे विचारून घ्यावे.

दुर्बिणीऐवजी कॅमेराच घ्यावा का, असा प्रश्न हल्ली हमखास येतो. त्यात माझे मत थोडे जुन्या वळणाचे आहे: छायाचित्राच्या मागे लागलेला नवखा माणूस पक्षी जेमतेम पाहतो, आणि त्याचे चालणे, खाणे, भांडणे तर पाहतच नाही. दोन्हींसाठी पैसे नसतील तर आधी दुर्बीण घ्यावी.

सहावी पायरी: घरी आणल्यावर दुर्बीण डोळ्यांना जुळवणे

पुष्कळांच्या दुर्बिणीत दोष नसतोच. ती कधी नीट जुळवलेलीच नसते. आधी मधल्या बिजागरीवर दोन्ही नळ्या जवळ-दूर करून दोन वर्तुळांचे एकच वर्तुळ दिसू लागेल असे अंतर ठरवावे. मग ३०–४० मीटरांवरची एखादी स्पष्ट अक्षरांची पाटी निवडावी. उजव्या बाजूचे पुढचे भिंग हाताने झाकून, दोन्ही डोळे उघडे ठेवून, डाव्या डोळ्याने पाहत मधल्या चाकाने अक्षरे स्पष्ट करावीत. आता डावे भिंग झाकावे आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नेत्रिकेवरचे, दोन डोळ्यांतला फरक भरून काढणारे, डायॉप्टरचे कडे फिरवून तीच अक्षरे उजव्या डोळ्यासाठी स्पष्ट करावीत. कडे ज्या खुणेवर थांबले ती खूण लक्षात ठेवावी, कारण पिशवीत घासून ते बऱ्याचदा सरकते. यानंतर जवळ-दूर कुठेही पाहताना फक्त मधले चाक फिरवावे लागते.

पक्षी दुर्बिणीत पकडण्याचा सराव गॅलरीत, साळुंक्या आणि कावळ्यांवर करावा. पक्ष्यावरची नजर न हलवता आणि मान न वळवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत उचलावी. खाली वाकून दुर्बीण डोळ्यांना लावून मग पक्षी शोधण्याची सवय लागली तर ती मोडायला फार वेळ जातो. कोपरे छातीला टेकवली की चित्र लगेच स्थिरावते. आकाशात घिरट्या घालणारी घार किंवा शिक्रा पाहताना सूर्य कोणत्या बाजूला आहे ते आधी बघावे आणि दुर्बीण सूर्याकडे चुकूनही नेऊ नये. एका क्षणात डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते. मुलांच्या हाती दुर्बीण देताना हे रोज नव्याने सांगावे.

सातवी पायरी: पावसाळ्यापूर्वीची तयारी

भिंगांवरची धूळ आधी हवेच्या फुग्याने किंवा मऊ ब्रशने उडवावी आणि मगच भिंगांसाठीच्या कापडाने, किंचित ओलावा देऊन, हलक्या हाताने पुसावे. ओढणीच्या टोकाने किंवा शर्टाच्या कडेने कोरडे पुसले की धुळीचे कण कोटिंगवर ओरखडे पाडतात, आणि हे मी माझ्याच दुसऱ्या दुर्बिणीवर करून पाहिले आहे.

बुरशी दमट आणि अंधाऱ्या, हवा न खेळणाऱ्या जागी वाढते, म्हणून पावसाळ्याचे चार महिने दुर्बीण तिच्या कापडी पिशवीत गुंडाळून कपाटाच्या तळाशी ठेवणे हा तिला मारण्याचा हमखास मार्ग आहे. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा मोठा डबा घ्यावा, त्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या ठेवाव्यात आणि दुर्बीण पिशवीशिवाय आत ठेवावी. निळे दाणे गुलाबी झाले की ते मंद आचेवर कोरडे करून पुन्हा निळे झाल्यावर डब्यात टाकता येतात. मात्र खाण्याच्या भांड्यात ते गरम करू नयेत. पावसात भिजून आलेली दुर्बीण थेट डब्यात बंद न करता बाहेरून पुसून रात्रभर पंख्याखाली ठेवावी, आणि जून ते सप्टेंबर या काळात दर आठवड्याला एकदा तरी डबा उघडून भिंगांतून टॉर्चचा प्रकाश सोडून पाहावा.